पंचवीस वर्षांची सुटी

एखादी वस्तु महाग आहे कीं स्वस्त आहे, हा प्रश्न बाजारांत जितका सोपा वाटतो तितका तो विचार करूं लागल्यावर सोपा राहत नाहीं. भाजीची जुडी घेतांना भाव विचारला, पैसे दिले, कीं व्यवहार संपतो. परंतु कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्यांचा भाव देऊन झाल्यावरहि त्यांची किंमत मोजणें चालूच राहतें. आणि ती नुसत्या रुपयांत मोजून भागत नाहीं. हल्लीं मध्यम स्थितींतील सुशिक्षित कुटुंबांपुढें अशीच एक वस्तु वारंवार मांडली जाते. तिचें नांव टाइमशेअर, म्हणजे सुटीच्या जागेंतील काळाचा वाटा. लग्नकार्यांत किंवा कचेरींतील मधल्या सुटींत तिच्याविषयीं बोलणें निघालें, तर एक गृहस्थ म्हणतो, 'घेऊन टाकलें, चिंता मिटली'. दुसरा म्हणतो, 'घेतलें आणि फसलों'. दोघेहि बहुधा हिशेबाच्या भाषेंत बोलतात. आमच्या मतें ह्या प्रश्नांत हिशेब आहे, व तो नीट केलाच पाहिजे. पण त्या हिशेबाच्या पोटांत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो सोडविल्यावांचून हिशेबाचें उत्तर येतच नाहीं.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. थंड हवेच्या ठिकाणीं किंवा समुद्रकिनाऱ्यावर एक खोली आहे. वर्षाचे बावन्न आठवडे कोणाहि एका कुटुंबाला ती नको असते, आणि ती सबंध विकत घेण्याची ऐपतहि बहुतेकांना नसते. तेव्हां जागेचे वाटे न पाडतां काळाचे वाटे पाडावे, व एकेका कुटुंबानें एकेक आठवडा घ्यावा, ही मूळ कल्पना. युरोपांत ती १९६० नंतरच्या दशकांत पसरली. १९६३ सालीं स्वित्झर्लंडमध्यें निघालेली हापिमाग ही कंपनी ह्या धंद्याच्या आद्य प्रवर्तकांपैकीं आहे. दरवर्षीं एकाच गांवीं जाण्याचा कंटाळा येतो, म्हणून एकाचा आठवडा दुसऱ्याच्या आठवड्याशीं बदलून देणारी आर. सी. आय. ही कंपनी १९७४ सालीं अमेरिकेंत स्थापन झाली. आपल्या देशांत १९८६ सालीं स्टर्लिंग व १९९६ सालीं महिंद्रा यांच्या कंपन्या निघाल्या, आणि धंद्यानें मूळ धरलें. आपल्याकडे जें बहुधा विकलें जातें तें खोलीच्या मालकीचें खरेदीखत नसून सभासदत्व असतें. ठराविक वर्षें, पुष्कळदां पंचवीस, दरसाल सात दिवस कंपनीच्या विश्रामस्थानांपैकीं कोठेंहि, जागा शिल्लक असल्यास, राहण्याचा हा हक्क होय. हंगामांची प्रतवारी लावलेली असते. मागणीचे दिवस महाग, ओस दिवस स्वस्त. ह्याखेरीज दरसाल देखभालीचें शुल्क भरावें लागतें, मग त्या वर्षीं तुम्ही जा अगर जाऊं नका.

काळाचे वाटे पाडण्याची ही युक्ति केवळ परदेशी आहे असें समजण्याचें मात्र कारण नाहीं. जी वस्तु तोडून वांटतां येत नाहीं ती पाळीनें वांटावी, हें आपल्या समाजाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. चार भावांच्या सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी असते. धुळें व नाशिक ह्या जिल्ह्यांतील पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवर फड पद्धतीनें पाणी पाळीपाळीनें शेतांना मिळत आलें आहे. देवळांतील पूजेच्या पाळीला तर हिंदु कायद्यानें वारसाहक्कानें चालणारी मिळकत मानलें. तथापि त्या जुन्या पाळींत आणि ह्या नव्या वाट्यांत मोठें अंतर आहे. विहिरीचे वाटेकरी एकमेकांना ओळखत. गाळ काढण्यास किती खर्च आला हें ते स्वतः पाहत. आणि ज्या विहिरीची पाळी असे ती विहीर त्यांच्याच मालकीची असे. येथें वाटेकरी एकमेकांचें तोंडहि पाहत नाहींत, गाळ काढण्याचा खर्च किती तें मालक सांगतो, आणि मालक निराळाच असतो. शिवाय शेताला पाणी दरसाल लागतेंच. माणसाला डोंगर दरसाल लागतो कीं नाहीं, हाच तर येथें वादाचा मुद्दा आहे.

आतां हिशेब. पुढील आंकडे कोणत्याहि एका कंपनीचे नव्हत. केवळ रीत दाखविण्यासाठीं आम्हीं ते धरले आहेत, व वाचकांनीं आपल्यापुढें आलेले आंकडे त्यांच्या जागीं घालून पाहावे. समजा, पंचवीस वर्षांच्या सभासदत्वाची किंमत करासकट ४ लक्ष रुपये आहे. दरसाल सात रात्री, म्हणजे एकंदर १७५ रात्री झाल्या. विक्रेता आपल्यादेखत कागदावर भागाकार करतो, आणि रात्रीस २,२८६ रुपये असें उत्तर काढून दाखवितो. त्याच तोडीची खोली हॉटेलांत आज ८,००० रुपयांना पडते असें धरलें, तर एवढा स्वस्त सौदा सोडून देणारा मनुष्य वेडाच ठरावा!

पण ह्या भागाकारांत दोन गोष्टी गाळल्या आहेत. पहिली गोष्ट वार्षिक शुल्काची. तें पहिल्या वर्षीं २०,००० रुपये असून दरसाल शेंकडा ५ नें वाढतें असें धरलें, तर पंचविसाव्या वर्षीं तें सुमारें ६४,५०० रुपये होतें, आणि सर्व वर्षांची बेरीज साडेनऊ लक्षांच्या वर, म्हणजे मूळ किमतीच्या दुपटीहून अधिक, भरते. दुसरी गोष्ट व्याजाची. आपले ४ लक्ष रुपये आजच हातचे गेले. ते शेंकडा ७ नें गुंतविले असते तर त्यांतून पंचवीस वर्षें दरसाल सुमारें ३४,३०० रुपये काढून घेतां आले असते, व अखेरीस मुद्दल संपलें असतें. तेवढी रक्कम आपण दरसाल ह्या खोलीपायीं देतों असेंच समजलें पाहिजे. ते ३४,३०० व शुल्काचे २०,००० मिळून पहिल्या वर्षाचा खर्च ५४,३०० रुपये, म्हणजे रात्रीस सुमारें ७,७६० रुपये होतो. २,२८६ चे ७,७६० झाले. स्वस्त सौदा नाहींसा झाला. हॉटेलाशीं जवळजवळ बरोबरी तेवढी राहिली.

येथपर्यंत येऊन जे लोक 'ही निव्वळ फसवणूक आहे' असा निकाल देतात, ते मात्र दुसऱ्या बाजूची एक गोष्ट गाळतात. हॉटेलांचे दरहि स्थिर राहत नाहींत. तेहि दरसाल शेंकडा ५ नें वाढले, तर आजची ८,००० रुपयांची खोली पंचविसाव्या वर्षीं सुमारें २५,८०० रुपयांना पडेल. सभासदाला त्या वर्षीं ३४,३०० व ६४,५०० मिळून ९८,८०० रुपये, म्हणजे रात्रीस सुमारें १४,१०० रुपये पडतील. तेव्हां जो दरसाल सातहि रात्री जाईल त्याला हा व्यवहार किफायतीचा पडूं शकतो, हें कबूल केलें पाहिजे. उलट जो सरासरीनें निम्म्याच रात्री जाईल, त्याला तीच रात्र पहिल्या वर्षीं सुमारें १५,५०० रुपयांना व पंचविसाव्या वर्षीं सुमारें २८,२०० रुपयांना पडेल. म्हणजे तो पहिल्यापासून शेवटपर्यंत तोट्यांतच राहील. न वापरलेल्या रात्री पुढील सालीं नेण्याची सोय पुष्कळ योजनांत असते हें खरें. परंतु साठविलेली रात्रहि केव्हां तरी जाऊनच वापरावी लागते. आज सात रात्रींची सवड नाहीं, त्याला पुढच्या वर्षीं चौदा रात्रींची सवड होईल असें मानणें धाडसाचें आहे.

तात्पर्य, सर्व हिशेब अखेरीस एकाच आंकड्यावर येऊन ठेपतो. किंमत, शुल्क, व्याज हे आंकडे कागदावर मिळतात; पण 'मी पुढील पंचवीस वर्षें दरसाल किती रात्री जाईन?' हा आंकडा कोणत्याहि कागदावर नसतो. तो घेणारा स्वतःच्या मनांतून काढतो. म्हणजे ज्याला आपण हिशेब म्हणतों तें वस्तुतः स्वतःविषयीं वर्तविलेलें भविष्य असतें. आणि स्वतःविषयीं भविष्य वर्तविण्याच्या कामीं शहाणीं माणसेंहि किती कच्चीं असतात, ह्याचा एक बोलका पुरावा उपलब्ध आहे. स्टेफानो डेल्लाविग्ना व उल्रिके माल्मेंडिएर ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं अमेरिकेंतील कांहीं व्यायामशाळांच्या सभासदांचा अभ्यास करून २००६ सालीं तो प्रसिद्ध केला. मासिक वर्गणी ७० डॉलरांहून अधिक देणारे सभासद महिन्यांतून सरासरीनें चारपांच वेळांच व्यायामाला येत. म्हणजे त्यांना एक खेप १७ डॉलरांहून अधिक किमतीला पडे. त्याच व्यायामशाळांत दहा खेपांचें तिकीट घेतलें असतें, तर खेप १० डॉलरांना पडली असती. त्या लोकांना कोणी फसविलें नव्हतें. वर्गणी भरतांना प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें एक उत्साही मनुष्य उभा होता, आणि तो मनुष्य आपणच आहों असें त्याला वाटत होतें, इतकेंच.

सुटीचा वाटा घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढेंहि असेंच एक कुटुंब उभें असतें. त्या कुटुंबांतील सर्वांच्या सुट्या एकाच वेळीं येतात, सर्वांचे गुडघे शाबूत असतात, आणि सर्वांना धुकें आवडतें. प्रत्यक्षांत पंचेचाळिसाव्या वर्षीं सही करणारा गृहस्थ करार संपतांना सत्तर वर्षांचा होतो. मधल्या काळांत मुलांची दहावी-बारावी येते, आणि त्या दोन-तीन वर्षांत घरांतून कोणी हालत नाहीं. मग मुलें शिकावयास व नोकरीला पुण्याहून बंगळूरला, कोणी त्याहून दूर कॅलिफोर्नियाला जातात. त्यांच्या सुट्या आईबापांच्या सुट्यांशीं जुळत नाहींत. एखाद्या वर्षीं घरांत वृद्ध आई अंथरुणाला खिळते. दहा वर्षांचा असतांना जो मुलगा तळ्यांतल्या होडीसाठीं हट्ट धरतो, तोच सोळाव्या वर्षीं आईबापांबरोबर कोठें जाण्यास राजी नसतो. ह्यांत अघटित असें कांहीं नाहीं; हाच सामान्य संसार आहे. अघटित असेल तर तें एवढेंच कीं, हें सर्व ठाऊक असूनहि सही करतांना तें कोणाला आठवत नाहीं.

पैसे भरून ठेवल्यामुळें मनाला आणखी एक वळण लागतें, आणि आम्हांला तें तोट्याहून अधिक चिंतेचें वाटतें. पूर्वीं मे महिन्यांत मुलें कोंकणांत आजोळीं जात. तेथें पैसे पडत नसत, आणि आजी पायरीवर बसून वाट पाहत असे. आतां ज्या घरानें सात रात्रींचा हक्क विकत घेतला आहे, त्या घरांत आजोळीं जाण्याचा विषय निघाला कीं 'मग त्या रात्री फुकट जातील' हें वाक्य कोणी तरी उच्चारतोच. ज्या गोष्टीला पैसे पडत नव्हते तीच आतां नुकसानीची वाटूं लागली. गेलेला पैसा गेला. तो आजीकडे गेल्यानें वाढत नाहीं कीं डोंगरावर गेल्यानें परत येत नाहीं. पण माणसाचें मन असा विचार करीत नाहीं. तें खर्चलेल्या पैशाच्या मागें चालत जातें, आणि जेथें जावयाचें होतें तें घर मागें राहतें. ही किंमत कोणत्याहि माहितीपत्रकांत छापलेली नसते.

आतां विक्रीच्या रीतीविषयीं. कोठें तरी एक चिठ्ठी भरून घेतलेली असते. पुढें आपणांस बक्षीस लागल्याचा फोन येतो. आणि तें घेण्यास पतिपत्नींनीं मिळूनच यावें अशी अट असते. हॉटेलाच्या दिवाणखान्यांत दोन-तीन तास गोड बोलणें होतें, चित्रें दाखविली जातात, आणि शेवटीं सांगण्यांत येतें कीं, ही सवलत फक्त आजच्यापुरती आहे. आमच्या परिचयाच्या एका शिक्षक दांपत्यानें अशाच एका संध्याकाळीं सही केली. तीं दोघें कांहीं उधळीं माणसें नव्हेत. घरांत प्रेशर कुकर घ्यावयाचा तर चार दुकानें हिंडणारीं, आणि मुलीचें स्थळ पाहतांना वर्षभर चौकशी करणारीं अशीं तीं माणसें आहेत. त्यांनीं पंचवीस वर्षांचा करार तीन तासांत केला. पुढें त्यांना हवी ती तारीख दोन वर्षें मिळाली नाहीं, आणि शुल्काची मागणी मात्र वेळेवर येत राहिली. विचारलें तेव्हां करारांतील 'जागा शिल्लक असल्यास' ह्या शब्दांकडे बोट दाखविण्यांत आलें. ते शब्द तेथें होतेच. त्या संध्याकाळीं तेवढे वाचले गेले नव्हते.

अशा प्रसंगीं विक्रेता खोटें बोललाच असतो असें नाहीं. त्याचा दोष निराळा व अधिक सूक्ष्म आहे. तो घेणाऱ्याकडून विचाराला लागणारा वेळ काढून घेतो. सत्य सांगावयाचें, पण तें तपासून पाहण्यास अवधि द्यावयाचा नाहीं, ह्याला प्रामाणिक व्यवहार म्हणतां येणार नाहीं. पाश्चात्य कायद्यांनीं नेमकें हेंच दुखणें ओळखलें. इंग्लंडांत १९९२ च्या कायद्यानें घेणाऱ्याला करार रद्द करण्यास चौदा दिवस दिले. युरोपीय संघानें १९९४ सालीं निदान दहा दिवसांची, व २००८ सालीं चौदा दिवसांची मुदत ठरविली. आणि ह्या मुदतींत घेणाऱ्याकडून आगाऊ पैसे घेण्यासहि मनाई केली. आपल्याकडे ह्या व्यवहारापुरता स्वतंत्र कायदा नाहीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें 'अनुचित करार' ही कल्पना मान्य केली आहे, व ग्राहक आयोगापुढें दाद मागतां येते. परंतु दाद मागणें म्हणजे पुन्हां वर्षांचाच हिशेब. चौदा दिवसांच्या त्या मुदतींत एक तत्त्व आहे, तें विसरूं नये. हॉटेलाच्या दिवाणखान्यांत बसलेला मनुष्य आणि चार दिवसांनीं आपल्या घरीं चहा पीत बसलेला मनुष्य हे एकच असले, तरी एकाच बुद्धीचे असतीलच असें नाहीं. आणि पंचवीस वर्षांचें बंधन घालून घेण्याचा अधिकार दुसऱ्याला विचारल्याशिवाय पहिल्याला नसावा, असें ते कायदे मानतात.

मग पंचवीस वर्षांनंतरच्या माणसाचें काय? त्याला कोण विचारणार? जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४८ सालच्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत ह्याच मर्मावर बोट ठेविलें आहे. सरकारनें व्यक्तीच्या व्यवहारांत ढवळाढवळ करूं नये, कारण ज्याचें हित त्यालाच अधिक कळतें, असें मानणारा तो तत्त्वज्ञ. परंतु ह्या नियमाला जे अपवाद त्यानें सांगितले त्यांत एक असा कीं, दूरच्या भविष्यकाळीं आपलें हित कशांत असेल हें आजच कायमचें ठरवूं पाहणाऱ्या माणसाला हा नियम लागू पडत नाहीं. आपलें हित आपल्याला कळतें तें अनुभवानें. आणि पुढील आयुष्याचा अनुभव तर अद्याप यावयाचा असतो. म्हणून दीर्घकाळ बांधून ठेवणाऱ्या करारांतून सुटण्याची वाट माणसाला मोकळी असावी, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. स्पेनमध्यें १९९८ च्या कायद्यानें सुटीच्या वाट्यांना तीन ते पन्नास वर्षांची मर्यादा घातली. तरीहि कायमचे करार विकले जात राहिले. तेव्हां २०१५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें, त्या कायद्यानंतर झालेला मुदतीवांचूनचा करार रद्दबातल ठरविला. मिलचें म्हणणें न्यायालयांत पोंचण्यास दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं.

यावर कोणी म्हणेल कीं, सगळें जीवनच बंधनांचें बनलेलें आहे. विवाह हें बंधन आहे, घरासाठीं काढलेलें वीस वर्षांचें कर्ज हें बंधन आहे, विम्याचा हप्ता हें बंधन आहे. मग एका सुटीच्या कराराचेंच एवढें स्तोम कशाला? आक्षेप योग्य आहे, पण त्याचें उत्तर आहे. विवाहांत आपण ज्याला बांधून घेतों तो दुसरा जीव असतो, व त्याचें सुखदुःख आपल्या वचनावर अवलंबून राहतें. कर्जांतून डोक्यावर छप्पर मिळतें. विमा संकटासाठीं असतो, आणि संकट आपल्या लहरीवर अवलंबून नसतें. ह्या तिन्ही ठिकाणीं गरज टिकाऊ आहे, म्हणून बंधनहि टिकाऊ असणें न्याय्य होय. सुटीची गोष्ट वेगळी आहे. आपल्या भाषेंत हा शब्दच सुटण्यावरून आलेला आहे. जेथें वेळापत्रक, वरिष्ठ आणि कर्तव्य ह्यांच्यापासून घटकाभर मोकळें व्हावयाचें, तेथेंच नवें वेळापत्रक आणि नवें देणें लावून घेणें हें त्या वस्तूच्या स्वभावाविरुद्ध आहे.

ह्याहून बळकट असा दुसरा एक आक्षेप आहे, आणि तो आम्ही मनापासून मानतों. आपल्या मध्यमवर्गीय घरांतला कर्ता पुरुष स्वतःहून सुटी घेतच नाहीं. तो रजा साठवितो, 'पुढच्या वर्षीं पाहूं' म्हणतो, आणि तसाच निवृत्त होतो. त्याच्याबरोबर त्याची पत्नीहि घरांतच राहते; तिला तर रजा म्हणून कांहीं नसतेच. अशा घरांत एकदां पैसे भरून टाकले, तर निदान ते फुकट जाऊं नयेत म्हणून तरी मंडळी बाहेर पडतात. जो मनुष्य आपला दुबळा स्वभाव ओळखून स्वतःला मुद्दाम बांधून घेतो, तो स्वातंत्र्य गमावीत नाहीं. उलट त्याचा उपयोग करतो. अशीं कांहीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. त्यांना हा करार महाग पडलेला नाहीं, आणि कोणी आंकडे मांडून तो महाग ठरविला, तरी ते ऐकणार नाहींत; व न ऐकण्यांत त्यांची चूकहि नाहीं.

परंतु ह्या युक्तिवादाला एक कसोटी लावून पाहिली पाहिजे. ज्या विसाव्यासाठीं आपण बांधून घेतलें, तो विसावा खरोखर कोणाला मिळाला? पुष्कळ विश्रामस्थानांतील खोल्यांना लहानसें स्वयंपाकघर जोडलेलें असतें, व जेवणाचा खर्च वांचतो म्हणून तें सोयीचेंहि असतें. पण त्याच सोयीमुळें घरची गृहिणी डोंगरावर जाऊनहि सकाळीं पोहे आणि रात्रीं खिचडी करीत उभी राहिली, तर फक्त खिडकीबाहेरचा देखावा बदलला. तिची सुटी झाली नाहीं. पत्नीच्या विश्रांतीच्या नांवावर सही करणाऱ्यानें सही करण्यापूर्वीं एकदां तिलाच विचारावें. सात दिवस डोंगर हवा, कीं वर्षभर स्वयंपाकाला बाई हवी, कीं चार दिवस एकटीनें माहेरीं जाणें हवें? तिचें उत्तर माहितीपत्रकांतील एकाहि पानाशीं जुळणार नाहीं, असा संभव बराच आहे.

येथें आम्हांला ह्या प्रश्नाचें खरें स्वरूप दिसतें. कराराच्या कागदावर सही एकाची किंवा दोघांची असते. बांधलीं मात्र अनेक माणसें जातात. स्वतःच्या सत्तराव्या वर्षींचा मनुष्य बांधला जातो. करार वारसाकडे जात असेल, तर जिच्या पसंतीचा प्रश्नच आला नाहीं ती पुढची पिढी बांधली जाते. बाप म्हणतो, 'हें मुलाला ठेवून जाईन.' ठेवून जाण्यासारखी वस्तु ती, जी मुलाला नको असल्यास विकतां किंवा टाकतां येते. अमेरिकेंत जुने वाटे एका डॉलराला विकावयास काढलेले आढळतात, कारण मालकांना ते नकोत असें नव्हे, तर त्यांच्यामागून येणारें शुल्क नको असतें. ज्या दानाबरोबर दरसालचें देणें जातें, तें घेणाऱ्याला विचारूनच द्यावें. नाहीं तर तें ओझें ठरतें. दुसऱ्याच्या काळावर त्याच्या संमतीवांचून सही करणें, मग तो दुसरा म्हणजे आपलाच मुलगा असो कीं आपलेंच म्हातारपण असो, हा केवळ पैशाचा प्रश्न राहत नाहीं.

म्हणून 'टाइमशेअर घ्यावें कीं घेऊं नये' असा एकच निकाल सर्वांसाठीं देण्याचें आम्ही टाळतों. मात्र ज्यांना निकाल करावयाचा आहे, त्यांनीं तीन गोष्टी कराव्या असें आम्ही सुचवितों. पहिली, बक्षीस मिळो वा न मिळो, त्या दिवशीं सही करूं नये. दुसऱ्या दिवशीं जी सवलत शिल्लक राहत नाहीं, ती आपल्या हितासाठीं नव्हतीच असें खुशाल समजावें. आणि करारांत पैसे परत मागण्याची मुदत आहे काय, शुल्क किती व कोणत्या नियमानें वाढेल, मध्येंच बाहेर पडल्यास काय मिळेल, हीं कलमें घरीं बसून वाचावीं. दुसरी, एका कागदावर मागील पांच वर्षें लिहून प्रत्येक वर्षीं आपण खरोखर किती रात्री सहलीला गेलों तो आंकडा मांडावा. आपल्या पुढील आयुष्याविषयीं आपल्या आशेपेक्षां आपली मागची पांच वर्षें अधिक खरें बोलतात. वर केलेल्या हिशेबांत हाच आंकडा घालावा. तो सातांच्या आसपास आला तर करार निःशंकपणें वाचावयास घ्यावा. दोन-तीन आला तर चार लक्ष रुपये ठेवींत टाकून, जेव्हां सर्वांना सवड व इच्छा होईल तेव्हां हॉटेलांत रोख पैसे देऊन राहावें. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी, आणि बहुधा तीच राहून जाते. ज्यांच्या नांवानें सही करावयाची त्या सर्वांना एकत्र बसवून विचारावें, आणि त्यांचें उत्तर येईपर्यंत पेन खिशांतच ठेवावें.